तुटक्या बोटाचा कोंबडा

पाहुण्याला रिकाम्या हातानं घालवणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या पाठीत दगड मारण्यासारखंच. घरात मीठ नसलं तरी चालेल, पण पाहुणा दारातून निघाला की त्याच्या हातात काहीतरी हवं. शेंगा, रताळी, आणि पाहुणा मोठा असेल तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी.

हे टोलमन आजी-आजोबांना कुणीतरी आल्याआल्या सांगितलं होतं, पण अर्धंच. "काही दिलं तर नाही म्हणू नका," एवढंच. दिलेल्याचं पुढे काय करायचं ते सांगायचं राहिलं, कारण तेही सांगावं लागतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

टोलमन म्हणजे अमेरिकेहून आमच्या चर्चनं पाठवलेलं मिशनरी जोडपं. तिकडे बटाटे पिकवून झाले, नातवंडांची लग्नं झाली, आणि म्हातारपणी हे इकडे झांबियात आले. दर गुरुवारी ते आमच्या खाणीच्या कंपाउंडात, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, यायचे आणि चर्चमधल्या ज्या घरांचं बरं चाललेलं नाही तिथे जाऊन बसायचे. खाण बंद पडल्यापासून बरं चाललेलं घर शोधायचं म्हटलं असतं तर बिचाऱ्यांचा जन्म गेला असता, म्हणून जे हाताशी आलं ते.

त्यांतलं एक घर कलाबाच्या बाबांचं. आमच्याकडे पहिलं पोर झालं की बापाचं नाव संपतं, तेव्हा त्यांचं स्वतःचं नाव मलाही आठवत नाही. खाणीत सुरुंगावर होते. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे आणि असा खर्जातला सूर लावायचे की खिडक्यांची तावदानं थरथरायची. काम गेलं तसं चर्चही सुटलं. गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी टोलमनांची पांढरी गाडी दिसली की ते उठून संडासामागे जाऊन उभे राहायचे.

"मुलाखतीला गेलेत," कलाबाची आई सांगायची.

टोलमन आजी डोळे मिटून त्या मुलाखतीसाठी देवाकडे मागणं मागायच्या. वर्षभर तो माणूस संडासामागे मुलाखत देत होता आणि वर्षभर देवाला त्याच्यासाठी अर्ज जात होता.

दुसरं घर चिसालाच्या आईचं. नवरा वारलेला, बाजाराच्या तोंडाशी गुलगुले तळून विकायची. तिच्या दाराचं बिजागर निघालं होतं, ते टोलमन आजोबांनी एका गुरुवारी घाम गाळून बसवलं. उलटं बसवलं. तेव्हापासून दार बाहेर उघडायला लागलं आणि येणाऱ्याच्या नाकावर आपटायला लागलं. पण चिसालाच्या आईचे डोळे भरून आले. नवऱ्यामागे तिच्या घरात हातोडा कुणी उचलला नव्हता. निघताना तिनं आपला एकुलता एक कोंबडा आजोबांच्या हातात दिला. उंदराच्या सापळ्यात सापडून त्याच्या डाव्या पायाचं एक बोट गेलेलं होतं, पण आवाज असा की गल्लीला घड्याळ लागत नव्हतं.

आजोबांनी नाही म्हटलं नाही. कोंबडा गाडीत गेला. गाडीत त्यानं प्रार्थनेच्या पुस्तकांवर घाण केली, मग दोरी सोडवून घेतली आणि टोलमन आजींच्या टोपीवर जाऊन बसला. पुढचं घर कलाबाच्या बाबांचं, कंपाउंडाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दारात पोहोचेपर्यंत आजींच्या डोक्यात प्रकाश पडला होता की देव किती सोयीचा आहे. एका घरातून देतो, दुसऱ्या घराला लागतं.

"हा तुमच्यासाठी, चर्चकडून," असं म्हणून त्यांनी कोंबडा कलाबाच्या आईच्या हातात दिला आणि टोपी झटकली.

संडासामागच्यांनी सगळं ऐकलं. गाडी गेल्यावर बाहेर आले.

"भीक आली का आता घरात?"

"भीक कसली? कोंबडा आहे."

"पायाला दोरी बांधून आलेली भीक आहे. मी नाही खाणार."

"नका खाऊ. मी आणि पोरं खातो. तुम्ही संडासामागे जाऊन हवा खा."

ते कोंबड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "पुढच्या गुरुवारी हाच कापायचा. त्यांनाच वाढायचा. मी घरात असेन. मी जेवू घातलं की मग ती भीक राहत नाही."

कलाबाची आई आत जाऊन आनंदानं रडली. घरात पाहुण्यासमोर बसायचं म्हणजे पुढे दारातून बाहेरही पडायचं, आणि दारातून बाहेर पडला तर रविवारी चर्चमध्येही जाईल, असा तिचा हिशेब.

पुढच्या गुरुवारी नेहमीचा दुभाष्या तापानं आडवा झाला. टोलमन आजींनी चिसालाच्या आईला सोबत घेतलं. ती लहानपणापासून खाणीच्या साहेबांच्या स्वयंपाकघरात वाढलेली, इंग्रजी फाडफाड. तसं कलाबाच्या बाबांनाही येत होतं, पण त्यांनी ठरवलं होतं, आपल्या घरात आपण आपल्याच भाषेत बोलायचं.

शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या होत्या. बाबांनी लग्नातला कोट घातला होता, खाली खाणीचे बूट. तांब्यानं पाणी घालून सगळ्यांचे हात धुऊन झाले. न्शिमाचे, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचे, पांढरेशुभ्र घट्ट गोळे आले, कोंबडीचा रस्सा आला. कलाबाच्या बाबांनी स्वतः वाटीतून पेठा शोधून आजोबांच्या ताटात ठेवला. कोंबडीच्या पोटातली ती कडक गाठ आमच्याकडे घरातल्या कर्त्या पुरुषाची. पाहुण्याला दिली म्हणजे त्या दिवसापुरतं घर त्याचं. बाईमाणूस तिला तोंड लावत नाही.

"त्यांना सांगा," बाबा उभे राहून म्हणाले, "मी वर्षभर लपलो. आज लपत नाही. चर्चनं मला कोंबडा दिला, तो मी चर्चला वाढला. आता आम्ही बरोबरीचे."

चिसालाच्या आईनं इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. हातात न्शिमाचा घास होता, तो रश्शात बुडवायला तिनं वाटीत बोटं घातली, आणि वर आला तो पाय. डावा. तीन बोटांचा, आणि जिथं चौथं असायचं तिथं गुळगुळीत.

ती पाय फिरवून बघायला लागली.

"काय म्हणतायत ते?" टोलमन आजींनी विचारलं.

"म्हणतायत..." ती म्हणाली आणि पुन्हा पायाकडे बघायला लागली.

"सांगा ना चिसालाच्या आई," बाबा म्हणाले. "आत्ता तर चुरुचुरु बोलत होतात."

"चर्चनं कुठला कोंबडा दिला तुम्हाला?"

"हाच. मागच्या गुरुवारी. का?"

तिनं पाय हळूच ताटाच्या कडेला ठेवला. "काही नाही. हा पाय ओळखीचा वाटला."

कलाबाच्या आईचा हात तोंडावर गेला. तो कोंबडा कुठल्या दारात आरवायचा हे तिला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. पण भुकेल्या घरात फार चौकशी करत नाहीत. बाबा मात्र वर्षभर कंपाउंडात फिरलेच नव्हते. ते एकदा पायाकडे बघत होते, एकदा चिसालाच्या आईकडे.

मग त्यांना जे समजलं ते आमच्या भाषेत नाही, सरळ इंग्रजीत बाहेर पडलं. "तुम्ही विधवेचा कोंबडा मला भीक म्हणून आणलात?"

टोलमन आजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "आम्हाला वाटलं... तो गाडीत राहीना." एवढंच त्यांना सुचलं. सत्तरीच्या बाईनं असं बोलावं आणि ते खरं असावं, यापरतं वाईट काय.

"मी तुम्हाला दिला होता," चिसालाची आई आजोबांना म्हणाली. आवाज चढवला नाही. "दारासाठी."

आजोबा खाली मान घालून बसले. कलाबाच्या बाबांनी कोटाचं बटण काढलं, परत लावलं. वर्षभरानं एकदाचे घराचे यजमान झाले होते, ते पण दुसऱ्याच्या कोंबड्यावर. त्यांना आता एकच गोष्ट सुचली, आणि ती आमच्या आजोबा-पणजोबांनी कधी केलेली नव्हती.

"पेठा त्यांचा आहे," ते म्हणाले. "चिसालाच्या आईचा. परत द्या."

सगळ्यांनी आजोबांच्या ताटाकडे पाहिलं. ताटात पेठा नव्हता.

"खाल्ला असेल," कलाबाची आई कसनुशी म्हणाली. "पाहुणे आहेत."

आजोबा हलले नाहीत. टोलमन आजींनी डोळे मिटले. त्यांना माहीत होतं. आजोबांचे दात बसवलेले, पेठ्याशी त्यांचं जमत नव्हतं, आणि नाही म्हणायचं नाही असं तर सांगितलेलं. वर्षभर घरोघरी मानाचा पेठा त्यांच्या ताटात आला होता, आणि वर्षभर प्रार्थनेला सगळ्यांची मान खाली झाली की तो कुठेतरी जात होता.

आजोबांनी छातीच्या खिशात हात घातला. त्यावर मिशनरी लावतात ती त्यांच्या नावाची काळी पट्टी होती, खाली चर्चच्या नावात येशूचंही नाव. त्यामागून रुमाल निघाला, रुमालातून पेठा निघाला. रश्शाचा डाग येशूच्या नावापर्यंत पसरला होता.

कुणी हसलं नाही. एरवी आम्ही यावर आठवडा काढला असता.

"दर गुरुवारी?" चिसालाच्या आईनं विचारलं.

"दर गुरुवारी," आजोबा म्हणाले.

तिनं पेठा घेतला. रुमालाचा दोरा चिकटला होता, तो काढला. मग चार माणसांदेखत तिनं तो तोंडात टाकला आणि चावायला लागली. कडक होता. बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणालाच कुठे बघावं कळेना. कलाबाचे बाबा बुटांकडे बघत होते.

"चावत नव्हता तर सांगायचं," गिळून झाल्यावर ती आजोबांना म्हणाली. "मऊ शिजवला असता."

त्या दिवशी टोलमन रिकाम्या हातानं गेले. द्यायला काही उरलंच नव्हतं. कलाबाचे बाबा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, तेही रिकाम्या हातांनी, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

रविवारी ते चर्चमध्ये आले. तोच कोट. पहिला बाक मोकळा होता, वर्षभर त्यावर कुणी बसलंच नव्हतं. ते शेवटच्या बाकावर गेले. तिथे भिंतीकडेला टोलमन आजोबा आधीच बसलेले होते, पट्टीखालच्या खिशावर पिवळा डाग, धुऊनही न गेलेला. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आजोबा थोडे सरकले. तेवढ्यात पुढून चिसालाच्या आईनं गाणं उचललं, दणदणीत, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी खाली मान घालून, अगदी हलकेच, खर्जात सूर लावला.