आतड्याच्या दारावरची राखणदारीण

मित्रांनो, मी एक जुनी राखणदारीण आहे. जुनी म्हणजे घराण्यानं. माझं स्वतःचं आयुष्य थोडंच; मी झिजले की पेशी माझ्या जागी दुसरी अश्शीच घडवून बसवते. माणूस, कुत्रा, उंदीर, पिलाला दूध पाजणाऱ्या साऱ्यांच्या अंगात आमची वस्ती आहे. शिकलेले लोक मला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. म्हणोत बापडे.

मी राहते एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या आतड्यात, पेशीच्या पातळ भिंतीत रुतून. अन्नाबरोबर काही परकं भिंतीत शिरलं, की मी त्याला धरते आणि आल्या वाटेनं बाहेर ढकलते. कोण, कुठलं, विचारत बसत नाही. त्यामुळे विषाबरोबर पुष्कळ औषधंही माझ्या तावडीत सापडतात. कर्करोगाच्या गाठीत माझ्या बहिणी दाटी करतात आणि एकामागून एक औषध हुसकतात. डॉक्टर त्यांच्या नावानं बोटं मोडतात. पण कामात कुचराई आम्हाला ठाऊकच नाही.

आमच्या बाईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीनं आपलं एक दिलं. शरीरानं ते परकं म्हणून नाकारू नये यासाठी बाईला रोज गोळ्या होत्या. त्यातलं थोडं मी बाहेर टाकायचे, बाकीचं रक्तात जायचं. डॉक्टरीणबाईंनी मला जमेस धरूनच मात्रा बसवली होती. शिलाई मशीन पुन्हा खडखडू लागलं.

पण बाईचं मन उतरलेलं. "ताईला कापून मी जगतेय," म्हणून रडायची. तिच्या सासूनं कुठूनशी वाळलेली पिवळी फुलं आणली. "घे गं याचा चहा. फुलंच तर आहेत. मन हलकं होतं."

आणि खरंच, बाई हसू लागली. चहा रोजचाच झाला.

त्या फुलांनी पेशीला काय सांगितलं कोण जाणे, तिनं माझ्यासारख्या राखणदारणी भराभर घडवायला घेतल्या. औषध मोडून टाकणारी शेजारची मंडळीही वाढली. गोळी आली की आम्ही तुटून पडायचो. काय रुबाब होता आमचा! इकडे रक्तात औषध कमी पडलं, शरीर थोरलीच्या मूत्रपिंडावर उठलं, आणि बाईचे पाय सुजले.

"गोळ्या चुकवता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शपथ, नाही."

"दुसरं काही औषध?"

"नाही हो."

बाई खोटं बोलली नाही. त्यांच्या घरात चहाला औषध कोणी म्हणतच नसे. गोळीची मात्रा वाढली. आम्ही तीही ढकलली.

मग थोरली भेटीला आली. स्वयंपाकघरात तिनं नाक उडवलं. "मावशी, हे काय उकळतंय?"

"फुलांचा चहा. तुझ्या बहिणीला मानवतो," सासू म्हणाली.

"डॉक्टरांना दाखवलात?"

"चहा काय दाखवायचा? उद्या म्हणशील, भाजीही दाखवा!"

"म्हणेन. माझ्या पोटातलं काढून दिलंय, वाया जाऊ देणार नाही." मग ती धाकटीकडे वळली. "आणि तू गं! रडायचं तर माझ्यापाशी रड की. उगाच पातेल्यात तोंड कशाला घालतेस?"

तिनं फुलांचा पुडा उचलला आणि बहिणीला घेऊन थेट दवाखाना गाठला. पुडा बघताच डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. चहा बंद झाला, वाढवलेली मात्राही हळूहळू पुन्हा उतरवली. आमच्यातल्या झिजल्या त्यांच्या जागी नव्या येईनात. दाटी ओसरली, औषध रक्तात पोचू लागलं. मूत्रपिंडाला थोडी इजा झाली ती झालीच, पण ते वाचलं.

घरी सासू दाराशी मान खाली घालून बसली होती. "मला काय माहीत गं."

"मला तरी कुठे माहीत होतं, मावशी? विचारलं म्हणून कळलं," थोरली म्हणाली आणि तिच्याशेजारी टेकली.

मित्रांनो, मला विचार करता येत नाही, फक्त ढकलता येतं. तुम्हाला मात्र देवानं तोंड दिलंय. चहा, चूर्ण, शेजारणीनं दिलेली पुडी, पोटात जे जे जातं ते डॉक्टरांपुढे न लाजता सांगा. आणि घरात कुणाचं मन उतरलं असेल, तर चुलीवर काही चढवण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा.