एका खुर्चीपुरतं चित्र

आमचे भाऊजी बत्तीस वर्षं एकाच टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. लोकांना वाटायचं, या माणसाने सगळे चित्रपट फुकटात बघितले. खरं तर त्यांनी एकही बघितला नव्हता. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. ठिपका हुकला तर पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या. त्यामुळे तळहाताएवढ्या खिडकीतून ते बत्तीस वर्षं त्या कोपऱ्याकडे टक लावून उभे होते. "भाऊजी, तुमची आवडती नटी कोण?" असं मी एकदा विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "जी जास्त करून उजव्या बाजूला उभी राहायची ती."

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण. नवा चित्रपट लागला की पहिल्या शनिवारी ऑपरेटरला दोन पास मिळत. ताई त्या खिडकीच्या बरोबर खालच्या रांगेत बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायची. आमच्या घराण्यात सर्वांत जास्त चित्रपट बघितले ते त्या पर्सने. घरी आल्यावर ताई गोष्ट सांगायची, भाऊजी जेवता जेवता ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "तिसऱ्या रिळाला फोकस जरा मऊ होता का?"

मग टॉकीज बंद पडलं. भाऊजी घरी बसले आणि त्याच वर्षी ताईचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिने बंद केले, गर्दी बंद केली, मीठ बंद केलं, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "जे काही करायचं राहिलं असेल, ते या वर्षात करून घ्या." डॉक्टर लोक अशी वाक्यं दाराबाहेरच का बोलतात कोण जाणे. दार लाकडी होतं आणि ताईचे कान अजून चांगले होते.

"काय राहिलंय माझं?" परतताना रिक्षात तिने मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "एकच राहिलंय. यांच्या शेजारी बसून एक चित्रपट बघायचाय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये उठायचं नाही."

"एवढंच ना? सांगतो भाऊजींना."

"खबरदार सांगितलंस तर! सांगून शेजारी बसले तर मग तो माणूस कसला, उशी झाली. त्यांचं त्यांना सुचायला हवं."

आणि गंमत बघा, भाऊजींना सुचलं. निदान आम्हाला तसं वाटलं. आठवड्याच्या आतच त्यांनी जाहीर केलं, "तुला टॉकीजला जाता येत नाही ना? मग टॉकीज घरी आणू." बाजारात तेव्हा ते भलेमोठे रुंद प्रोजेक्शन टीव्ही आले होते. कपाटाएवढं खोकं, आत लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे, आणि ते आतूनच पडद्यावर चित्र फेकणार. सोबत पाच स्पीकर. ताईने मला डोळा मारला. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

आम्ही तिघं दुकानात गेलो. एका भिंतीला ओळीने टीव्ही, सगळ्यांवर एकच धबधबा कोसळत होता. टाय लावलेला विक्रेता पुढे आला. "या काका, कुठला साइझ बघायचाय?"

"साइझ नंतर," भाऊजी म्हणाले. "आधी हा धबधबा बंद करा. पाण्यात सगळं खपतं. अक्षरं दाखवा."

विक्रेत्याने एका चित्रपटाची श्रेयनामावली लावली. भाऊजी पडद्याला नाक लावून उभे राहिले. तीन दिव्यांचे तीन रंग एकावर एक तंतोतंत बसले नाहीत, तर पांढऱ्या अक्षराला लाल किंवा निळी कड सुटते. पहिल्या टीव्हीला लाल होती. दुसऱ्याला निळी. तिसऱ्याला काहीच नव्हती, पण काळा रंग राखाडी होता. "याला काळं म्हणतात?" भाऊजींनी विक्रेत्याला विचारलं. त्याने बिचाऱ्याने आपल्या बुटांकडे बघितलं.

मग त्यांनी उठाबशा सुरू केल्या. प्रत्येक टीव्हीसमोर उभे राहायचे, बसायचे, पुन्हा उभे राहायचे. एक बाई आपल्या मुलीला घेऊन लांबून गेली.

"काय चाललंय हो यांचं?" विक्रेत्याने मला हळूच विचारलं.

"प्रार्थना समजा," मी म्हणालो.

चौथ्या टीव्हीसमोर बारावी उठबस झाल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "हा," ते म्हणाले. "अगं, ये, इथे बस."

समोर दोन माणसांचा सोफा होता. ताई मधोमध बसली. खरोखरच, काय ते चित्र! काळोख काळा, चेहरे जिवंत. ताई थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने झटकत म्हणाली, "तुम्ही पण बसा की."

भाऊजी बसले.

त्यांच्या तीस वर्षांच्या संसारात मी माझ्या बहिणीचा तसा चेहरा बघितला नव्हता. हात मांडीवर, पाठ ताठ, जणू पहिल्यांदाच कोणीतरी तिला दाखवायला नेलं होतं. पडद्यावर कोणीतरी घोड्यावरून चाललं होतं. ती घोड्याकडे बघत नव्हती.

अर्ध्या मिनिटाने भाऊजी म्हणाले, "इथून काळं दिसतंय," आणि उठले.

त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या टीव्हीची जातच तशी. प्रकाश सगळा समोर फेकणार, बरोबर मधोमध आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. हातभर बाजूला सरकलात की चित्र मावळलं, उभे राहिलात की आणखी मावळलं. विक्रेत्यानेही कबूल केलं, "काका, खरं सांगायचं तर हा एका खुर्चीचा टीव्ही आहे."

"मला तो आवडला," ताई म्हणाली.

तिने बोट दाखवलं तो साधा, नेहमीचा काचेच्या पडद्याचा टीव्ही होता. तोही रुंदच, पण याच्या निम्मा.

"तो?" भाऊजींना धक्काच बसला. "तो तर पिटातला माणूससुद्धा घेणार नाही!"

"तो कुठूनही दिसतो."

"कुठूनही दिसतं ते कुठूनच नीट दिसत नाही. अगं, तुझ्यासाठी घेतोय, आणि तुला डबा देऊ? चित्रातलं तुला काय कळतं?"

"मला चित्रातलं नाही कळत," ताई म्हणाली. "बसण्यातलं कळतं."

विक्रेत्याने समजूतदारपणे सुचवलं, "काकूंना दोघांनी मिळून बघायचं असेल तर काका, तो छोटा..."

"मला कशाला बघायचाय?" भाऊजी म्हणाले. "मी दाखवणार."

मी तोंड उघडलं. ताईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं. मी तोंड मिटलं. मोठ्या खोक्याची पावती झाली.

टीव्ही घरात आणताना दाराची चौकट काढावी लागली. मग भाऊजींनी आठवडाभर कोणालाही त्या खोलीत येऊ दिलं नाही. काळे पडदे शिवून लावले. भिंतीपासून टेपने माप घेतलं, ताईच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली, फरशीवर खडूने फुली मारली आणि फुलीवर एक खुर्ची ठेवली. एक. ताई आजारपणात बोटभर खचली होती, म्हणून खुर्चीत चादरीची घडी घातली.

पहिल्या खेळाला मी पाहुणा होतो. मला कडेला स्टूल मिळालं. तिथून मला नायक आणि खलनायक यांच्यातला फरक फक्त आवाजावरून कळत होता, आणि दोघेही सर्दी झाल्यासारखे बोलत होते. ताई फुलीवर. भाऊजी तिच्या पाठीमागे, भिंतीला टेकून, रिमोट हातात घेऊन उभे. उभ्याने त्या पडद्यावर फारसं काही दिसत नाही, हे त्यांनी स्वतःच दुकानात बारा वेळा तपासलं होतं. तरी त्यांची मान सवयीने वर उजवीकडे.

ताईने एकदा मागे वळून बघितलं.

"पुढे बघ."

थोड्या वेळाने पुन्हा.

"अगं, पुढे बघ ना. चांगला भाग आहे."

"तुम्हाला काय माहीत चांगला भाग?"

"टॉकीजला लागला होता तेव्हा तूच सांगितलंस."

ताई हसली आणि पुढे बघू लागली. त्यानंतर ती वळली नाही. मध्यंतरात भाऊजी चहा करायला गेले, तेव्हा मी तिच्याजवळ सरकलो. "ताई, मी सांगतो. आता बास झालं."

"काय सांगशील? आठ दिवस रांगून रांगून त्यांनी हे मांडलंय. गुडघे सोलवटलेत, बघितलेस? आता म्हणू, हे नकोय मला?" तिने पदराने चष्मा पुसला. "राहू दे. तीस वर्षं एकटीने बघितलं, अजून चार महिन्यांनी काय बिघडतंय?"

"पण..."

"पण नाही नि बिण नाही. शपथ आहे माझी."

भाऊजी चहा घेऊन आले. ताईने कप घेत सांगितलं, "चित्र फार सुरेख आहे हो." भाऊजींनी मान डोलावली. स्वतःच्या मुलाची स्तुती ऐकताना बाप डोलावतो तशी.

पुढे रोज दुपारी एक खेळ व्हायला लागला. हिवाळा सरता सरता ताईला खुर्चीत बसवेना. मग भाऊजींनी खुर्ची काढून तिथे पलंग आणला. पण पलंगावर डोळे खाली जातात, म्हणून चारही पायांखाली लाकडी ठोकळे. तेही एका दमात जमले नाहीत. तीनदा तासले. मी गेलो तेव्हा ताई त्या उंच पलंगावर उशांना टेकलेली. मला म्हणाली, "बघ, तुझ्या भाऊजींनी मला चढवून ठेवलंय." दम लागल्यामुळे त्या एका विनोदाला तीन हप्ते लागले.

ती गेली तेही दुपारच्या खेळालाच. मी तिथे नव्हतो. भाऊजींनीच मला सांगितलं, चौथ्या दिवशी, लोकांची ये-जा थांबल्यावर. आम्ही त्याच खोलीत बसलो होतो. पडदे उघडे होते आणि उजेडात तो टीव्ही नुसत्या मोठ्या पेटीसारखा दिसत होता.

"मध्यंतरात थोडी पेज घेतली तिने," ते म्हणाले. "मग मी चालू केलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, रंगलीय. चित्रपट संपला, मी म्हटलं, फोकस कसा होता? तर..."

पुढचं मला सांगायची गरज नव्हती. मागे उभ्या असलेल्या माणसाला उशीच्या वर फक्त केस दिसतात.

"कुठल्या भागात गेली असेल?" त्यांनी विचारलं. "शेवट बघितला असेल का तिने?"

"बघितला असेल."

मग ते म्हणाले, "तुला एक सांगू? मलाही वाटायचं, जाऊन बसावं तिच्याशेजारी. वेडा नाही मी. दुकानात बसलो होतो ना अर्धं मिनिट, बरं वाटलं होतं. पण ती कशी आहे तुला माहितीये. बाजूने मला काळं दिसतं, हे तिला ठाऊक. मी शेजारी बसलो असतो तर सारखी सरकून मला जागा करून दिली असती. मग ती मधोमध राहिली नसती. तिचं चित्र बिघडलं असतं."

इतके महिने एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. रागाने घासून घासून त्याला मी चांगली धार लावली होती. ते वाक्य आता कोणाला मारायचं, तेच कळेना.

"तिच्या मनात काही राहिलं नव्हतं ना रे?" भाऊजींनी विचारलं. "तू भाऊ तिचा. तुला बोलली असेल."

शपथ घालताना ताईने मुदत सांगितली नव्हती. ती गेल्यावर शपथ सुटते की जास्त घट्ट होते, हे विचारायचंही राहून गेलं होतं.

"नाही भाऊजी," मी म्हणालो. "काही राहिलं नव्हतं."

"मग बरं," ते म्हणाले.