जोडावरचे सहा सेकंद

कॅमेऱ्याच्या कार्डावरचं रेकॉर्डिंग बरोबर ऐंशी मिनिटांचं होतं. जोडून झालेली फाइल मात्र ऐंशी मिनिटं सहा सेकंद दाखवत होती.

"कर अजून घाई!" मी स्वतःलाच म्हणालो.

माझा कॉम्प्युटर माझ्याच वयाचा वाटतो. वीस मिनिटांहून मोठं काम दिलं की धापा टाकतो आणि बसकण मारतो. म्हणून लांब रेकॉर्डिंग मी तुकड्यातुकड्यानं रेंडर करतो, म्हणजे प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल तयार करून घेतो, आणि शेवटी ते तुकडे जोडून डिस्कसाठी एक फाइल करतो. पुढचा तुकडा दोन सेकंद आधीपासून सुरू करायचा, ही माझी पद्धत. ते दोन सेकंद दोन्ही तुकड्यांत येतात, मग जोडताना दुसऱ्यातले कापून टाकायचे. सव्वीस वर्षांत माझा जोड कुणाला दिसलेला नाही. गल्ली मला डिंकमामा म्हणते ती काही उगाच नाही. आज मात्र कापायचं साफ राहून गेलं होतं. तीन जोड, म्हणून सहा सेकंद.

चार वाजता वहिनी यायच्या होत्या. नात्यानं त्या माझ्या कुणी नाहीत, पण माझ्या वयाच्या बायकांना मी वहिनीच म्हणतो. त्यांचे यजमान पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचे. चौतीस वर्षं चालवला आणि निवृत्त झाल्यावर अठराव्या दिवशी गेले. निरोपसमारंभाचं रेकॉर्डिंग त्यांच्या सोबत्यांनी नंतर घरी आणून दिलं. ते वहिनींनी पाहिलं नव्हतं आणि त्या समारंभालाही गेल्या नव्हत्या.

"नवा सदरा आणला होता हो मी," परवा कार्ड देताना त्या सांगत होत्या. "हे म्हणाले, कामाचाच घालणार. एवढ्याशा गोष्टीवरून वाजलं. मी म्हटलं, जा मग एकटेच. आणि गेले की एकटेच! मी दुपारभर रुसून बसले. त्यांनी माझी वाट पाहिली की माझ्यावर रागावून बसले होते, एवढंच मला बघायचंय. विचारायचा धीरच झाला नाही. आणि मग राहूनच गेलं."

उद्या त्या लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. डिस्क सोबत न्यायची होती, पण पहिल्यांदा बघायची ती इथं, माझ्या दुकानात. घरी एकटीनं बघवणार नाही म्हणाल्या.

माझी अडचण अशी की मी ती ऐंशी मिनिटं पाहिली होती. कॅमेरा कोपऱ्यात स्टँडवर ठेवून दिलेला. भाषणं चाललेली. वहिनींचे यजमान, आमचे पंपवाले, पहिल्या रांगेत, शेजारची खुर्ची रिकामी. आणि हा माणूस शेवटपर्यंत मान खाली घालून बसलेला. टाळ्या झाल्या तरी नजर पायांवर. दाराकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. हे वहिनींना कसं दाखवायचं, या विचारानं दोन दिवस घास गोड लागला नव्हता. खोटं सांगायला जीभ उचलत नाही आणि खरं सांगायची हिंमत नाही.

असो. ते सहा सेकंद कापायला मी पहिल्या जोडापाशी गेलो. पाणी देणाऱ्या माणसानं पेला उचलला, भाषण करणारा खोकला, आणि पहिला तुकडा संपला. दुसरा सुरू झाला. त्याच माणसानं तोच पेला पुन्हा उचलला, तोच खोकला पुन्हा आला. पंपवाल्यांनी मात्र मान वर केली होती. ते दाराकडे बघत होते.

दोन सेकंद. मग मान पुन्हा खाली.

मी पुन्हा लावलं, पाच-सहा वेळा लावलं. पेला तोच, खोकला तोच, मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा तेच. मग मूळ कार्ड लावून तीच जागा काढली. तिथे मान खालीच. तो तुकडा पुन्हा रेंडर करून पाहावा असं मनात आलं. केलं नाही. कशाला खोटं बोलू, भीती वाटली.

दुसऱ्या जोडाशी गेलो. तिथेही मान वर, दाराकडे, आणि हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून आपण ठेवतो तसा.

तिसऱ्या जोडाकडे जाणार तोच दार वाजलं.

"झालं का भाऊ?" वहिनी आत आल्या. स्टूल पुढे ओढून पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. "लावा."

"थोडं कापायचं राहिलंय, वहिनी. दहा मिनिटं द्या."

"नंतर कापा. आता धीर गोळा करून आलेय, तो संपायच्या आत लावा."

मी लावलं. वीस मिनिटं त्या नवऱ्याची खाली गेलेली मान बघत पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. पेला उचलला गेला. खोकला आला. पेला पुन्हा उचलला गेला.

"अगंबाई, दाराकडे बघतायत हे!"

"वहिनी, ती माझी चूक आहे," मी घाईनं म्हणालो. "जोडावर दोन सेकंद जास्तीचे राहिलेत. ते काढून टाकायचे असतात."

"काढलेत तर?"

"तर ते खालीच बघत राहतील. खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये तसंच आहे." शेवटी खरं बोललोच. अंगावरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चालू द्या," एवढंच म्हणाल्या.

चाळिसाव्या मिनिटाला तो हात खुर्चीवर आला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. पुढचा जोड मीही पाहिला नव्हता. साहेबाचं भाषण संपेना. बाहेर कुणीतरी शटर ओढलं तर मी केवढ्यानं दचकलो! वहिनी हलल्या नाहीत.

साठावं मिनिट आलं. साहेबानं कागद उलटला. मग तोच कागद त्यानं पुन्हा उलटला.

पंपवाले उठून उभे होते. भरल्या सभेत, भाषण मधोमध चाललेलं असताना, कामाच्या सदऱ्यात हा माणूस ताठ उभा, तोंड दाराकडे, आणि हसत होता. आपलं माणूस आत येताना दिसलं की हसतो तसा. आजूबाजूच्या एकानंही वर पाहिलं नव्हतं.

"आले हो, आले," वहिनी म्हणाल्या. आतल्या खोलीतून ओ द्यावी इतक्या साध्या आवाजात. आणि त्याही उठल्या.

लगेच पुढचं चित्र आलं. पंपवाले पहिल्यासारखेच खाली बघत बसलेले. मी फाइल थांबवली. कापाकापीची खिडकी पडद्यावर उघडीच होती. मी ती बंद केली आणि सहा सेकंदांसकट डिस्क भरायला लावली.

"वीस-पंचवीस मिनिटं लागतील, वहिनी. बसा ना."

त्यांनी नुसती मान हलवली. पिशवी छातीशी धरून, तोंड पडद्याकडे करून त्या उभ्याच होत्या. डिस्क भरून बाहेर येईपर्यंत त्या बसल्या नाहीत.