पहिलं पाऊल मी बघणार

ढमीचा पहिला दात आईने नाही, आईच्या सासूने पाहिला. ढमी पहिल्यांदा पालथी पडली तेव्हाही समोर सासूच. पहिली टाळी सासूपुढे, पहिलं रांगणं सासूकडे, आणि खिडकीतल्या मांजराला बघून पोरगी पहिल्यांदा खदखदून हसली तेव्हा म्हणे सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं असेल बाई. ते ऐकून सुनेच्याही डोळ्यांत आलं, फक्त ते संतापाचं होतं.

कारण हे सगळं तिला कळायचं संध्याकाळी, दारात, पायातली चप्पल निघायच्या आत. "आज काय झालं माहितीये?" अशी सुरुवात करून सासू असं काही रंगवून सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरगी हिच्याच पोटची. सून "हो का?" म्हणायची आणि हात धुवायला आत निघून जायची. साबण अर्धा होईपर्यंत धूत बसायची.

सून कवळ्या बनवायच्या कामावर होती. दिवसभर प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, ओळीने लावायचे दात. अख्ख्या गावाला दात बसवणारी बाई, आणि स्वतःच्या लेकीचा पहिला दात तिला दुसरीच्या तोंडून कळावा! त्या तोंडातली कवळीसुद्धा हिनेच बनवलेली. माप केसभर इकडचं तिकडे नव्हतं. पण घरात वाजलं, की सासू कवळी काढून जेवणाच्या टेबलावर, बरोबर सुनेच्या ताटाशेजारी ठेवायची आणि बोळक्या तोंडाने म्हणायची, "सैल आहे." मग सून जेवायची काय, कप्पाळ?

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात मात्र तो स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा असायचा, ना वर ना खाली. आईचं ऐकून मान हलवायची, बायकोचं ऐकूनही मान हलवायची, आणि ढमीला घेऊन गच्चीवर पळायचं.

ढमी अकरा महिन्यांची झाली आणि सोफ्याला धरून उभी राहायला लागली. गुडघे लटलट, कुल्ले मागे, चेहऱ्यावर असा रुबाब की जणू सोफा तिनेच उचलून धरलाय. सुनेने ते पाहिलं. आता चालणार. आज नाहीतर उद्या, आणि पहिलं पाऊल पडणार दुपारी, सासूच्या डोळ्यांसमोर.

त्या रात्रीच्या जेवणातच तिने तोंड उघडलं. "आई, एक सांगते. पहिलं पाऊल मी बघणार. मी घरी नसताना तिला चालू द्यायचं नाही."

नवऱ्याला हसू आलं. "अगं, तिला काय घड्याळ कळतं?"

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या. एवढ्या एका बाबतीत त्यांचं पटायचं.

सासूने सुनेकडे टक लावून बघितलं. "मी काही हात धरून चालवत नाही तिला. ती आपली आपण उठते. तिला काय बांधून ठेवू?"

"ते मला माहीत नाही. बाकी सगळं तुम्ही बघितलंत. एवढं एक माझं."

"ठीक आहे," सासू म्हणाली. "एकतीस वर्षं टपालाच्या खिडकीवर बसले मी. नियम कसा पाळतात ते मला शिकवायला नको. नियम तुझा." आणि तिने शांतपणे घास घेतला. कवळी तोंडातच होती, म्हणजे भांडण झालंच नव्हतं. सुनेला वाटलं, जिंकले.

डोंबलाचं जिंकली! दुसऱ्या दिवसापासून सून संध्याकाळी धापा टाकत घरी यायची, पर्स फेकायची आणि जमिनीवर बसून हात पसरायची. "ये, ढमे, ये. ये गं माझी बाय." ढमी सोफा सोडायची, उभी राहायची, एक पाय उचलायची, आणि आईकडे बघत धप्पकन खाली बसायची. वर टाळ्या वाजवायची. आठवडा गेला, दोन गेले. शेजारचा पोरगा ढमीहून वीस दिवसांनी लहान, तो जिन्यातून दुडूदुडू पळायला लागला आणि त्याची आई उगाचच दार उघडं टाकून बसायला लागली. कामावरची मैत्रीण कवळीचे दात घासूनपुसून चकचकीत करता करता म्हणाली, "माझा तर दहाव्यातच चालला हो." सुनेच्या हातातला साचा जमिनीवर पडून फुटला. पडला म्हणे.

घरी येऊन तिने सगळा राग सासूवर काढला. दिवसभर कडेवर घेता म्हणून. ठासून ठासून भरवता म्हणून. एवढं वजन घेऊन उचलणार कसा पाय? पोरीला लाडाने पांगळं केलंत!

एरवी सासूने याच्या निम्म्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "नियम तुझा," आणि कवळी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीण बाईंनी ढमीचे पाय दाबले, वाकवले, गुदगुल्या केल्या. पाय ठणठणीत होते. "ताकद आहे, तोलही आहे," त्या म्हणाल्या. "ती चालायला लागली की घरात कुणी ओरडतं का?" सून तडक म्हणाली, "सासूबाई आहेत ना." नवरा छताकडे बघत बसला.

बाविसाव्या दिवशी सुनेच्या कामावरची वीज सकाळीच गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. साहेबांनी सगळ्यांना घरी पाठवलं. सून आपल्या किल्लीने दार उघडून आत आली आणि चपलेचा पट्टा सोडायला वाकली, तेव्हा तिला समोरची खोली दिसली.

सासू खुर्चीत पेपर वाचत होती. ढमी खोलीच्या मधोमध उभी होती. सोफ्यापासून चांगली चार हात लांब, कशालाही न धरता, तोल असा की बघत राहावं. तिने उजवा पाय उचलला. पेपरातून डोकं वर न काढता सासू टपालाच्या खिडकीवरच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "खिडकी बंद!"

ढमी धप्पकन खाली बसली. मग दोघी टाळ्या वाजवून खो खो हसल्या. ढमी पुन्हा उठली, पाय उचलला, मिश्कीलपणे आजीकडे बघितलं. "खिडकी बंद!" धप्प. पुन्हा टाळ्या.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका पायात चप्पल तशीच ठेवून ती आत घुसली. "तुम्ही बसवता तिला! बावीस दिवस मला वेड्यात काढता? डॉक्टरकडे नेलं मी पोरीला!"

सासूने पेपराची घडी घातली. "ओरडू नकोस, ती घाबरते. तू नसताना चालू द्यायचं नाही, कोण म्हणालं होतं? पहिल्या दिवशी तीनदा धरून बसवलं तिला. चौथ्यांदा रडली. मग खेळ केला त्याचा. दिवसातून पन्नास वेळा उठते, पन्नास वेळा मी ओरडते. घसा बघ माझा. वाचायला घेतलेलं एक पान संपलं नाही बावीस दिवसांत."

"मला सांगायचं नाही?"

"दारात मी काही सांगायला लागले, की तू हात धुवायला जातेस."

सून दाराजवळच जमिनीवर बसली आणि तिने हात पसरले. "ये, ढमे. आई आलीये ना आता. आता ये." ढमी उठली, पाय उचलला, आईकडे बघून खाली बसली आणि टाळ्यांची वाट बघू लागली. पुन्हा. पुन्हा. सहाव्या वेळी सून ओरडली, "अगं चाल ना!" ढमीचा खालचा ओठ बाहेर आला.

"बिघडवलंत तुम्ही," सून सासूला म्हणाली. "आता तुम्हीच सरळ करा."

सासू खुर्ची धरून, गुडघ्यांना शिव्या घालत, खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी जमिनीवर बसली. तिने हात पुढे केले. ढमीने तिच्याकडे तोंड वळवलं, उठली, पाय उचलला आणि थांबली. शब्दाची वाट बघत होती. सासूने ओठ घट्ट मिटून घेतले. पाय अधांतरीच होता, आजी काहीच म्हणत नव्हती. शेवटी कंटाळून ढमीने तो पुढे टेकवला. मग दुसरा. मग झोकांड्या खात आणखी चार, आणि धाडकन आजीच्या मांडीत.

सुनेने बघितलं. एकूण सहा पावलं, एकही सुटलं नाही. विस्कटलेले केस, मानेवरची घामाची ओल, कलंडलेली लंगोटी, हवेत फाकलेले दोन हात. सगळं बघितलं, पण पाठीमागून.

सासू ढमीला पोटाशी धरून बसली होती. तिने वर पाहिलं. "घे. बघितलंस ना? झालं तुझ्या मनासारखं?"

"झालं," सून म्हणाली. तिचा एक हात अजून पसरलेलाच होता. तो तिने मांडीवर घेतला. सासूला काही म्हणून विचारायचं नाही असं तिने अकरा महिने ठरवलेलं होतं, आणि विचारल्यावाचून राहवेना.

"चेहरा कसा होता तिचा?" तिने विचारलं. "मला दिसला नाही."