खर्र म्हणजे दोरा

टेबलावर शिलाई मशीनं सहा होती. चार दुरुस्त होऊन दाराकडच्या टोकाला आलेली, दोन उघडी. लॅपटॉपवर मामांच्या दुकानाची वेबसाइट होती : पानं दोन, फोटो तीन, फोन नंबर एक. चुका, भाचीच्या मोजणीनुसार, शून्य.

"आता हिला ब्लॉग जोडू या," भाची म्हणाली. वेबसाइट तिनेच बनवली होती.

"म्हणजे काय करायचं?"

"तुम्ही लिहायचं, लोकांनी वाचायचं."

"लोक मशीनबरोबरचं पुस्तक वाचत नाहीत. माझं कोण वाचणार, तुझी मामी?"

"मामी तुम्हाला पुरतं ओळखून आहे. तिला वाचायची गरज नाही."

मामा हसले, पण नाही म्हणाले नाहीत. तीस वर्षं लोक त्यांना फोन करून मशीन चालवून ऐकवत, आणि मामा डोळे मिटून सांगत, "सुई वाकलीय, बदला." मशीन आणायची गरजच पडत नसे. गेले सहा महिने मात्र फोनमधला आवाज उशीखालून आल्यासारखा येत होता. मग ते सगळ्यांना एकच सांगत, "घेऊन या दुकानात." जुनी गिऱ्हाईकं फोन करायचीच थांबली; येत ते वेबसाइट पाहिलेल्या नव्यांचे फोन. कोपऱ्यावरची शिंपीण तर तोंडावर म्हणाली होती, "फार भाव खायला लागलात हो!" मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. ज्याचं नाव कानावर झालं, त्याने कान जातोय हे कोणत्या तोंडाने सांगायचं? अजून आवाज डोक्यात शाबूत होते. तोवर ते उतरवून ठेवावेत, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पहिली नोंद त्यांनी सांगितली, भाचीने टाइप केली.

"खर्र म्हणजे शटलमध्ये दोरा अडकलाय. किर्र म्हणजे तेल मागतेय. बारीक टक्‌टक् म्हणजे सुई वाकून लोखंडाला लागतेय, लगेच थांबवा. धप्... धप्, असं दमानं, म्हणजे पट्ट्याचा सांधा. घाबरू नका."

"दमानं म्हणजे किती?"

"पट्टा पूर्ण फिरला की एकदा. झालं समाधान?"

"आता झालं."

दुसरी नोंद मामांनी एकट्याने चढवली. तेव्हा सेटिंगमध्ये एक प्रश्न दिसला : पहिल्या पानावर काय दाखवायचं, ठरलेलं पान की ताज्या नोंदी? तयार झालेलं मशीन दाराशी मांडायचं, ही मामांची जुनी शिस्त. ताजं काम पुढे. त्यांनी 'ताज्या नोंदी' निवडलं आणि समाधानाने चष्मा पुसला.

त्यानंतर फोन वाजला नाही. दुकानातला फोन जुना, तारेचा. कुणाचा येऊन गेला हे दाखवण्याची त्याला सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मामांनी तो ओढून हाताशी घेतला. तिसऱ्या दिवशी ते एक हात त्याच्यावर ठेवूनच बसले.

संध्याकाळी भाची आली. "हा वाजत असणार गं," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाहीये."

"कधीपासून?"

"तीन दिवस." मग जरा थांबून, "तसं सहा महिने."

तिने मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावला. मामांच्या हाताखाली फोन खणखणला. ते दचकले. "हा तर येतोय ऐकू!"

मग तिने वेबसाइट उघडली. पहिल्या पानावर दोन नोंदी होत्या. नंबर असलेलं पान कुठेच नव्हतं.

"मामा, दुकानाची पाटी काढून तुम्ही तिथे निबंध लावलात!"

"ताजं पुढे ठेवलं..."

दोघंही हसले. मामा आधी थांबले.

सेटिंग पूर्ववत करून ती म्हणाली, "आणि सहा महिन्यांचं काय?"

"राहू दे ते."

"राहू दे कसं? मोजू तरी या."

तिने दार लावलं. वाकलेल्या सुईचं मशीन पुढ्यात घेऊन ती हाताने चाक फिरवू लागली. मामा एका कानात कापूस घालून, पाठमोरे, थोडे थोडे लांब सरकत होते. "येतोय... येतोय..." मग ते गप्प झाले. तिने टेपने अंतर मोजलं. कापूस दुसऱ्या कानात गेला.

"हे पण टाक ब्लॉगवर," मामा म्हणाले.

"नक्की?"

"भाव खातो म्हणतात. कळू दे."

तिसरी नोंद मामांनी एका बोटाने स्वतः टाइप केली :

"फोनवर मशीनचा आवाज मला आता कळत नाही. मशीन घेऊन यावे. बारीक टक्‌टक् ऐकू येण्याचे अंतर, आज मोजलेले : उजवा कान ६५ सेंटीमीटर. डावा कान ९."