कडेचं दोन बोटं चित्र

डीव्हीडीच्या वायरीची पिवळी पिन बोटांत फिरवली की टोकाचा उडालेला मुलामा दिसत होता, आणि झुंबरला वाटलं, एवढ्याशा टोकातून पोराचं आख्खं लग्न येतं... मांडव, वाजंत्री, जेवणाच्या पंगती, त्यातच आपली बायको गोजरा, म्हणजे बिचारी दाटीवाटीनं, अंग चोरून येत असणार. आणि पडद्यावर मात्र ही एवढी पसरलेली! तो फरशीवर गुडघे टेकून टीव्हीच्या मागे मान घालून बसला होता. टीव्हीच्या पाठीवर आठ वर्षांची धूळ होती. पुढून सगळे बघत आले, मागून कोणी नाही.

"आबा, चारची बस आहे माझी," तेजस्विनी म्हणाली.

"बस थांबेल. त्या ड्रायव्हरच्या बापाला मी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीवरून खाली उतरवलंय."

"मागच्या वेळी कंडक्टरचा बाप होता."

"दोघं होते. एकेका खांद्यावर एकेक."

नात हसली, पण त्याचं लक्ष पिनेवरून हटलं नाही. आज हटणार नव्हतं. काल होस्टेलची बॅग भरता भरता ही पोर आईला सहज म्हणाली होती, मेसमध्ये भात खाणार नाही मी, आजीवर गेलेय, फुगेन. आजीवर? आजी जाड? "सीडीत दिसते की," ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरातून भाग्यश्री, जिनं सासूबरोबर तिची शेवटची दोन वर्षं एका ओट्यावर काढली ती सून, म्हणाली, "होत्या ना आबा, जरा भरलेल्या. गोऱ्यापण."

गोऱ्या! मखमलाबादच्या मळ्यात उन्हातान्हात शेवंती खुडून काळी पडलेली, शेवग्याच्या शेंगेसारखी गोजरा — लग्नात वाऱ्यानं उडेल म्हणून हिच्या पदरात दगड बांधले होते, असं मीच सांगत आलोय. थाप आहे ती. कॉलनी मला थापाड्या म्हणते ते काही उगाच नाही, लपवून काय उपयोग. पण तिचं सडपातळ असणं ही थाप नव्हती. आणि काल सगळ्यांत वाईट गोष्ट घडली ती ही, की सुनेला खोडून काढायला झुंबरनं डोळे मिटले, खरी गोजरा आठवायला गेला, तर मिटल्या डोळ्यांपुढे आली ती जाड, गोरी, टीव्हीतली. दुसरी येईचना. घरात तिचा आणखी एकच फोटो, रेशनकार्डावरचा, त्यातही बाईनं डोळे मिटलेले.

म्हणजे दर दिवाळीला ही डीव्हीडी लावून आपणच तिला थोडी थोडी पुसत आलो...

सकाळीच तो सातपूरला वाल्मीककडे गेला होता. वाल्मीक पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. आता मोबाइलच विकत होता, पण जुन्या वायरींचं खोकं त्यानं टाकलं नव्हतं.

"काका, चित्र रुंद करून बघता का?"

"आख्ख्या टीव्हीचे पैसे दिलेत. दोन बाजूंना काळे पट्टे कशाला ठेवायचे?"

"सगळं नाशिक हेच म्हणतं," वाल्मीक म्हणाला. "जुनं चित्र चौकोनी असतं हो. ताणलं की माणसं फुगतात. आणि ही पिवळी वायर काढा. ही घ्या, लाल, हिरवी, निळी. चित्र स्वच्छ येईल. फक्त लाल पिना दोन असतात, एक आवाजाची, ती चित्रात खुपसू नका."

त्यानं ती चित्रातच खुपसली. सनईवाले भुतासारखे हिरवे आले. भाग्यश्री दारातून म्हणाली, "आबा, राहू द्या आता. तिला जेवायचंय." त्यानं मान हलवली आणि पिन काढली. तेहतीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काटे बघितलेला माणूस. काटा हलला तर हात कुठे न्यायचा ते झोपेतही कळायचं. घाई करायची नाही, एका वेळी एकच बटण. सनई वाजली, रंग जागेवर आले. मग रिमोट. चित्राचा 'डायनॅमिक' प्रकार बदलून 'मूव्ही' केला, तसा मांडवावरचा चुन्यासारखा उजेड उतरला, आणि औक्षणाचं तबक घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या गालावर हळूहळू ऊन चढलं. सावळी. शार्पनेस शून्यावर आणला. तिच्याभोवतीची पांढरी रेघ विरली. मग रुंदी, चार बाय तीन. दोन्ही बाजूंनी काळे पट्टे आत सरकले आणि मधल्या बाईनं खांदे मिटून घेतले.

तेजस्विनी हातातलं ताट तसंच धरून पुढे आली.

"ही आजी?"

गळ्याची हाडं दिसत होती. नाकाची ती तिरकी धार... तिलाही तशीच आहे, पोरीला. ओळख पटायला क्षणभर लागला, याचीच त्याला लाज वाटत होती.

"केवढीशी आहे! आई, बघ ना! आणि आबा, ती बैलाला हसतेय ना?"

या जागी गोजरा तबक विसरून डावीकडे, चित्राबाहेर बघते. का, ते तो दर दिवाळीला सांगायचा. मांडवात बैल शिरला होता. मग एका वर्षी भटजींचं धोतर, एका वर्षी माकड. खरं काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी आठवायचा प्रयत्नही केला नव्हता, थाप तयार असली की कोण आठवतो?

पण काम अजून संपलं नव्हतं. वाल्मीक म्हणाला होता, टीव्ही चित्राच्या कडा कापतो, ओव्हरस्कॅन बंद करा. यादीत खाली खाली जाऊन त्यानं ते बंद केलं. चित्र चारी बाजूंनी दोन बोटं उघडलं.

डाव्या कडेला एक पाठ आली. तपकिरी सफारीतली रुंद पाठ, हवेत उडालेला हात, समोर हसणारी चार माणसं. त्याची पाठ. तो काहीतरी रंगवून सांगत होता. आणि गोजरा त्याच्याकडे बघत होती. हसत नव्हती, स्वच्छ चित्रात ते कळत होतं. ओठ हलत होते. तिनं हाक मारली होती, एकदा, मग थांबून पुन्हा. सनई मोठी होती. पाठ वळली नाही. तबक जरा कललं, तिनं ते सावरलं, आणि तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही.

"ते तुम्ही आहात," तेजस्विनी म्हणाली. मग हळूच, "आबा, आजी काय म्हणत होती?"

सवयीनं त्याचं तोंड उघडलं. आत चार गोष्टी एकमेकींना ढकलत पुढे येत होत्या, एकीहून एक झकास, पोर बसमध्ये हसत बसली असती... त्यानं तोंड मिटलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडात नवे होते, कोणा परक्याचे असावेत तसे.

तिनं मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला, दोनदा. मग त्याच्या शेजारी फरशीवर बसून भात कालवू लागली. घड्याळात सव्वातीन झाले होते. झुंबरनं चित्र थोडं मागे नेलं, सनईचा आवाज पूर्ण बंद केला, आणि चष्मा पुसून, कंट्रोल रूममध्ये बसायचा तसा ताठ बसून, तो गोजराच्या ओठांकडे बघू लागला.