मागच्या पानावरची रॉबिन

“कात्री दे,” आर्डिस म्हणाली.

“एकशेचाळीस पत्रकं आहेत बाई,” लोरेन म्हणाली. “आणि तुझ्या बागेच्या पाठीमागे प्रार्थनेची यादी छापलीय. बाग कापलीस की गावातली सगळी आजारी माणसं कचऱ्यात.”

“मग नावं हातानं लिहू.”

लोरेननं कात्री दिली.

चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी सकाळी या दोघी रविवारची पत्रकं दुमडत. मागच्या पानावर आर्डिस लिंडक्विस्टचं ‘बागेतून’ हे सदर असे. एकोणीस वर्षं, दर आठवड्याला, अंगणातला एखादा जीव आणि त्याच्याकडून प्रभूचा एक धडा. खारीकडून भरवसा, गोगलगाईकडून धीर. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात घालवलेल्या बाईला गावानं विचारलेलं एवढंच.

या आठवड्याचं ‘बागेतून’ मंगळवारी छापायला गेलं होतं. आणि आत्ता, कॉफी ओतता ओतता, पाळकांचा फोन आला: ब्रिटा सोर्लीचं बाळ काल दुपारी गेलं. चार दिवसांचं. ब्रिटा हॉस्पिटलातून घरी आली आहे.

दोघींनी एकाच वेळी पत्रक उलटलं होतं.

*छापलेलं:* रॉबिन पक्षिणीच्या घरट्यातलं एकुलतं पिल्लू थंडीच्या पावसात गेलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या लायलॅकच्या झुडपावर पुन्हा गाणं सुरू झालं. तिनं आपलं दुःख निर्माणकर्त्यावर सोपवलं होतं. आपल्यालाही तसं जमावं.

आर्डिसनं पहिल्या पत्रकाचं मागचं पान कापलं. दुसऱ्याचं. दहाव्याला तिचा हात थांबला.

“लोरेन. घरी पडून असलेल्यांच्या प्रती कुठायत?”

लोरेननं कप खाली ठेवला. “आमचा मर्ल घेऊन गेला. आठ वाजताच. पाव आणायला धाडला तर दुपार करतो हा माणूस, आणि आजच मेला वेळेवर उठला!”

ज्यांना रविवारी येता येत नाही त्यांच्या दारात पत्रक आधी पोचायचं, ही चर्चची रीत. बाळंतपणाआधी ब्रिटा तीन आठवडे अंथरुणात होती. यादीत तिचं नाव होतं. काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आर्डिस कोट न घालताच निघाली. चार घरं सोडून तिचं स्वतःचं अंगण लागलं, तिकडे तिनं पाहिलं नाही. ब्रिटा अजून झोपलेली असू दे. वाऱ्यानं ते पत्रक उडून जाऊ दे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती जवळजवळ धावत होती.

ब्रिटा मागच्या पायऱ्यांवर बसली होती, नवऱ्याचा जाड गाऊन घालून. पत्रक मांडीवर होतं. मागची बाजू वर.

“ब्रिटा, हे मी मंगळवारी—”

“माहितीय, मिसेस लिंडक्विस्ट. मंगळवारी तो होता.”

शेजारच्या हिरवळीवर पाण्याचा फवारा फिरत होता. आर्डिस उभीच राहिली.

“एक विचारू?” ब्रिटा म्हणाली. “दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच गात होती?”

आर्डिसच्या तोंडी उत्तर तयार होतं. रविवारच्या शाळेत याच मुलीला तिनं अशी कितीतरी उत्तरं पाठ करून घेतली होती. हो म्हटलं, तर पान जिथल्या तिथे राहत होतं. एकोणीस वर्षांची पानंही राहत होती.

ती पायरीवर बसली.

“गात होता तो नर,” ती म्हणाली. “मला तेव्हाही ठाऊक होतं.”

“आणि ती?”

*न छापलेलं:* ती अळी घेऊन आली. घरट्याच्या काठावर उभी राहिली. वाकली. चोच उघडेना. ती तशीच उभी. अळी तिच्या चोचीत वळवळत होती. उडून गेली. नवी घेऊन आली. वाकली.

“किती वेळ?” ब्रिटानं विचारलं.

“दोन दिवस.”

“दोन दिवस?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते मी. भांडी तशीच पडलेली.”

“मग लिहिलं का नाहीत?”

“त्यातून धडा निघेना.”

ब्रिटानं पत्रकाची एक घडी घातली. मग आणखी एक. “मी हे वाचलं ना, तेव्हा वाटलं, एवढुशा पाखराला जमतं. माझाच विश्वास कमी पडतोय. माझाच कमी होता, म्हणून तर...” तिनं गाऊनची कड जराशी बाजूला केली. आतल्या सदऱ्यावर दोन ओले डाग होते. “पहाटेपासून येतंय. दुधाला कुणी सांगितलंच नाहीये, मिसेस लिंडक्विस्ट.”

आर्डिसनं तिचा हात हातात घेतला. 

“देव बघत होता?” ब्रिटानं विचारलं.

“बघत होता. तेवढं मला पक्कं ठाऊक आहे,” आर्डिस म्हणाली. “पुढचं सगळं मी माझ्या मनानं जोडत आले, पोरी. चुकलं माझं.”

ब्रिटा रडली नाही. तिनं कपाळ आर्डिसच्या खांद्यावर टेकवलं.

“छाती दुखतेय का?” आर्डिसनं विचारलं.

“दगड झालेत नुसते.”

“कोबीची पानं लाव. गार. आमच्या वेळी तेच करायचे. आणते मी, तू बस.”

आपल्या वाफ्यात आर्डिस गुडघ्यांवर बसली. गड्डे अजून धरले नव्हते, पण बाहेरची पानं रुंद झाली होती. तिनं चार पानं खुडली. एकाच्या पाठीवर हिरवी अळी होती, शिरेलगत, शिरेच्याच रंगाची. दुसरी कुठली सकाळ असती तर आर्डिसला तिच्यात एक अख्खा रविवार दिसला असता. तिनं अळी बोटावर घेतली, दुसऱ्या रोपावर सोडली आणि उठली. “प्रभू, ती पोर तिथे बसलीय,” एवढंच म्हणाली.

ब्रिटाच्या मोरीत तिनं पानं गार पाण्याखाली धरली. जाड शिरा लाटण्यानं दाबून मऊ केल्या. ब्रिटा दारात येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळवे पुढे केले, एकावर एक, चर्चमध्ये वेदीच्या कठड्यापाशी प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी धरतात तसे.

आर्डिसनं पानं तळव्यांवर ठेवली. पाणी बोटांमधून गळत राहिलं.